धुरपदाबाईची सव्वा मूठ

…तर तपासनीस ओट्यावर चढला आणि धुरपदाबाईने आधी त्याची छत्री काढून घेतली. छत्री मिटलेली, बाहेर रखरखीत जेठाचं ऊन. तिनं ती दोन बोटांत धरून झटकली, आतून काही पडतंय का ते पाहिलं, आणि गोठ्याच्या खुंटीला टांगून आली. मग म्हणाली, "आते बठा."

माणूस कराच्या कचेरीचा होता. जीवराम त्याचं नाव, एरंडोलकडचा, नोकरी धुळ्याला. सभ्य माणूस, पण संशय घेण्याचाच पगार खाणारा. आणि समोर धुरपदाबाई, जी हेच काम आयुष्यभर बिनपगारी करत आली होती. काय जोडी जमली होती!

गाव साक्रीच्या अलीकडचं, कान नदीच्या काठाचं. धुरपदाबाई त्या घरातली थोरली सून. नवरा ऐन तरुणपणी गेला, मूलबाळ नाही. घर धाकट्या दिराचं, सुकदेवचं, पण किल्ल्या हिच्या कमरेला. सुकदेवची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, तेव्हा त्याची दोन्ही पोरं, पुना आणि भटू, हिनंच वाढवली. पोरं तिला मोठी माय म्हणत.

तिच्या संशयाचे किस्से सांगायला बसलो तर चूल विझेल. पिठाच्या कोठीच्या झाकणावर ती राखेची रेघ ओढून ठेवी, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. आणि कोठी उघडणारी घरात ती एकटीच. एकदा गावात मौनी बाबा आला. बारा वर्षं बोलला नाही म्हणे. सगळा गाव पायावर. धुरपदाबाईने भिक्षा वाढली आणि पुनाला हळूच, पण बाबाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पुना, बाबाना धोतरवर इच्चू चढना रे." बाबा जागच्या जागी उडाला आणि बारा वर्षांचं साठलेलं एका दमात बोलून गेला. काय बोलला ते इथं लिहिता येत नाही.

पण हसण्याआधी तिची बाजूही ऐका. नवरा गेला त्याच महिन्यात भाऊबंद आले, म्हणाले, वहिनी, दवाखान्याचा कागद आहे, अंगठा द्या. तिनं दिला. दवाखाना कुठला, नदीकाठचा मळा गेला. त्या दिवसापासून तिचा अंगठा कुणाला दिसला नाही. कागद पुढे आला की ती हात पदराखाली घेई.

आता जीवराम कशासाठी आला होता ते सांगतो.

भटू, सुकदेवचा धाकटा, धुळ्याला इंग्रजी शाळेत होता, बोर्डिंगात राहून मॅट्रिकच्या वर्गात पोचलेला. घरून धान्य जाई, पैसा फारसा नाही, कारण मंदीची ती वर्षं आणि कापसाचा भाव पार बसलेला. पण भटूनं एक काम मिळवलं होतं. धुळ्याच्या एका प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात आणि मुंबईला रवाना होत. प्रत्येक गाठीवर इंग्रजी अक्षरांचा मार्का रंगवावा लागे. आधीचा रंगारी पत्र्याची अक्षरं कधी उलटी धरी, कधी मागेपुढे लावी, आणि गाठी मुंबईहून तक्रारीसकट परत येत. भटूला अक्षरं वाचता येत होती. त्यानं ठेकाच घेतला: गाठीमागे इतके पैसे, रंग त्याचा, कुंचला त्याचा, मदतीला बोर्डिंगातले दोन सोबती, त्यांचा वाटा त्यानं द्यायचा. पहाटे प्रेसमध्ये, मग नदीवर रॉकेलनं रंग घासूनपुसून शाळेत. मास्तर वास घेऊन म्हणत, आले रॉकेलशेठ.

प्रेसच्या कागदांत ठेकेदाराचं नाव होतं: भटू, सुकदेवचा मुलगा. कराच्या कचेरीनं ते पाहिलं आणि तिथं पाल चुकचुकली. शाळेतलं पोर कुठे ठेका घेतं? बापच ठेकेदार असणार आणि पोराचं नाव पुढे केलं असणार. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नव्हता. पण सुकदेव गावोगावचा कापूस घेऊन धुळ्याला पोचवत असे, त्याची मिळकत कराच्या रेषेच्या जरा खालीच राही, आणि सरकारनं त्या वर्षांत रेषाही खाली ओढलेली. भटूचा पैसा बापाच्या पैशात धरला तर रेषा ओलांडली जाई. वेगळा धरला तर दोघंही सुटत. म्हणून जीवराम विचारायला आला होता, आणि सुकदेव नेमका साक्रीच्या बाजाराला गेलेला.

"आजी, तुमचा भटू कमावतो, तो पैसा घरात येतो का?"

एवढाच प्रश्न. खरं उत्तर होतं, नाही. त्या पैशात त्याची फी जाई, खानावळ जाई. घरात त्यातली एक पैही आली नव्हती, आणि हीच गोष्ट धुरपदाबाईच्या मनात कुसळासारखी रुतलेली होती. एका घरात राहून कमाई वेगळी ठेवणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. पुना नांगर धरतो, त्याचा दाणागोटा घरात येतो. सुकदेव फिरतो, त्याचं घरात येतं. आणि हा?

ती खरं सांगणारही होती. पण तेवढ्यात कुडापलीकडे काकणं वाजली. शेजारीण झुंबरबाई तिथं गोवऱ्या थापत नव्हती, नुसती उभी होती. हीच झुंबरबाई वर्षभर पाणवठ्यावर सांगत होती, "धुरपदानं वाढवं, आनि पोऱ्या वायला निंघाना." वायला म्हणजे वेगळा. त्या काळी घर फुटणं म्हणजे नाक कापलं जाणं.

धुरपदाबाईने कुडाकडे तोंड केलं आणि तीन घरं पलीकडे जाईल अशा आवाजात सांगितलं, "येस ना! बठ्ठा पैसा घरमा येस. मन्हा पोऱ्या मले इचारल्याबिगर पानी बी पेत नही."

जीवरामनं लिहून घेतलं. अंगठा मागितला, तो अर्थातच मिळाला नाही. छत्री मागितली, ती मिळाली.

संध्याकाळी सुकदेव आला, ऐकलं, आणि बैलाचं जू हातातच धरून खाली बसला.

"वहिनी, काय करी बठन्यात तुम्ही? आते ते म्हनतीन ठेका मन्हाच शे."

"खरं सांगू तर झुंबर आयकत व्हती."

"झुंबर कर भरी का?"

यावर धुरपदाबाई उठून कोठीवरची राखेची रेघ तपासायला गेली. पण त्या रात्री तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं. कचेरीनं भटूलाही विचारलं असणार, तिथं त्यानं काय सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी सुकदेवनं कुठून तरी ऐकून आणलं: साहेबांपुढे भटू स्वच्छ बोलला, की माझी कमाई माझी, तिचा घराशी संबंध नाही. झालं. वर्षभर झुंबरबाई जे म्हणत होती तेच पोरानं सरकारपुढे म्हटलं. मग पैसा जातो कुठे? फी आणि खानावळ पुरे एवढा पैसा काही नसतो. नाटक? बोलपट? की धुळ्याला जागा बघून ठेवली आणि लग्नाआधीच बिऱ्हाड मांडायचा बेत?

चार दिवसांनी तिनं डोळ्यांत पाणी येतं असं जाहीर केलं आणि डोळे दाखवायला म्हणून मोटारीत बसून धुळ्याला गेली. गावाला तिच्या डोळ्यांची खात्री होती. अंधारात सुई ओवणारी बाई.

बोर्डिंगात पोचली तेव्हा भटू खोलीत नव्हता. सोबत्यांनी आजी म्हणून पाया पडून पाणी दिलं. तिनं पाणी हुंगून प्यालं, आणि पोरं बाहेर गेल्यावर खोली तपासली. ट्रंकेत पुस्तकं. पुस्तकांत पुस्तकंच. उशीखाली काही नाही. खाटेखाली मात्र रंगाचा एक डबा, झाकण वाळलेल्या रंगानं घट्ट बसलेलं. तिनं उचलला. रंगाच्या मानानं फार जड. हलवला. आणि डबा वाजला.

तिचा चेहरा तेव्हा कुणी पाहायला हवा होता. इतकी वर्षं जे शोधत होती ते सापडल्याचा आनंद आणि सापडल्याचंच दुःख.

भटू आला तो कोपरापर्यंत काळा. शाळेला सुट्टी म्हणून प्रेसच्या पत्र्यांची डागडुजी करून आला होता. दारात मोठी माय, मांडीवर डबा.

"हाई काय शे?"

"रंगना डबा."

"रंग वाजस का रे?"

भटू हसला. तिथं चुकलं. ती हसली नाही.

"कोना पैसा शे हाऊ?"

"सरकारना."

"सरकारनं मांगा का?"

"अजून नही मांगा."

"मंग ठेवा कसाले?"

मग त्यानं खाली बसून नीट सांगितलं. प्रेसचा मुनीम म्हातारा, भला माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पोरा, पगारी माणसाचा कर शेठ कापून भरतो, ठेकेदाराचा कुणी कापत नाही. त्याच्या हातात सगळा पैसा येतो आणि त्याला वाटतं सगळा आपलाच. तुझी मिळकत आज रेषेच्या खाली आहे, कर लागायचा नाही. पण रेषा सरकारची, हलवायला त्याला आपल्याला विचारावं लागत नाही. दर हप्त्याला थोडा बाजूला टाकत जा. म्हणून भटू टाकत होता. सोबत्यांचा वाटा वेगळा, रंगाचा पैसा वेगळा, सरकारचा डब्यात.

धुरपदाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न मांगता सरकारले देनारा मानूस मी आजलोंग देखा नही. मले येडी समजू नको. तुले वायलं निंघानं शे. सरळ सांग."

भटूचा चेहरा उतरला. काळ्या हातांनी त्यानं कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं.

"मोठी माय, मन्ही कमाई मन्ही शे हाई मी सांगं, ते खरं शे. घर मन्हं नही असं मी कव्हय सांगं?"

"सरकारी कागदवर तू एकला शे."

"कागदवर कमाई एकली शे. आनि तुले जर तसंच वाटस, त रोटमा मन्ही मूठ नको मोजू. मोजशी त मी येसू. नही मोजशी त नही येवाव."

आता रोट ठाऊक नसेल त्याला सांगतो. श्रावणात आपल्याकडे खान्देशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, मग तो म्हातारा असो की तान्हा. ते दळायचे, त्याचंच रांधायचं, हाच रोट, आणि तो घरच्याच माणसांनी खायचा. परक्याला घास देत नाहीत. उरवायचं नाही, टाकायचं नाही. ज्याची मूठ मोजली त्यानं ताटावर यायलाच हवं. घर वेगळं झालं की रोट वेगळा. घराच्या वाटण्या कोर्टात नंतर होतात. आधी त्या धुरपदाबाईसारख्या बायकांच्या मुठीत होतात.

ती डबा खाटेखाली परत सरकवून निघाली. डोळे दाखवायचे राहूनच गेले.

श्रावण लागला. कानबाईच्या आधीच्या शनिवारी गहू मोजायचे, रविवारी देवी बसायची, आणि सोमवारी सुकदेवला धुळ्याच्या कचेरीत हजर राहायचं होतं. नोटीसच तशी होती. शनिवारी सकाळी सुकदेव ओट्यावर घुटमळला, खोकला, आणि म्हणाला, "वहिनी, आवंदा भटूनी मूठ राहू द्या."

"काब्र?"

"तो जीवराम आपलाच खान्देशी मानूस शे. त्याले रोट ठाऊक शे. मी आयकं, तो आज येवाव शे, मुठी मोजाले. चार निंघन्यात त म्हनी, घर एकच शे, पैसा बी एकच. एक सालना प्रश्न शे. पुढला साल मोजू."

सुकदेव वाईट माणूस नव्हता. कापसात दोन वर्षं मार खाल्लेला, त्यात कर आला असता तर बैलजोडी विकावी लागली असती. पण धुरपदाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मौनी बाबाकडे पाहिलं होतं.

ती सूप घेऊन बसली. एक मूठ, वर पाव मूठ: सुकदेवची. दुसरी पुनाची. तिसरी पाळण्यातल्या पोराची. पुनाला माघात मुलगा झाला होता, अजून त्याचं नावही कुणी धड घेत नव्हतं. आणि मग हात गव्हात राहिला.

कुडापलीकडे झुंबरबाईची काकणं. बाहेर भुरभुर पाऊस. गव्हात हात घालून बसलेल्या त्या बाईच्या मनात काय चाललं होतं, ते तिनं पुढे पुष्कळांना सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. मूठ सोडली तर बैलजोडी वाचते आणि पोर जातं. मूठ मोजली आणि पोर आलंच नाही तर रोट उरतो, देवीचा कोप आणि झुंबरचं हसू दोन्ही पदरात. शब्दावर भरवसा ठेवायची तिला सवय नव्हती. शब्दावरच तर तिचा मळा गेला होता. पण तो डबा तिच्या डोक्यातून जाईना. ज्यांनी तिचा मळा घेतला त्यांनी, तिनं मागूनही, एक दाणा परत दिला नव्हता. आणि हे येडं पोरगं, कुणी मागितलेलं नाही त्याचंसुद्धा बाजूला काढून ठेवतं, वर झाकण बसवतं. न मागणाऱ्याचं जो राखून ठेवतो, तो मागणाऱ्याला फसवील कसा? पुन्हा मनात आलं, की हाही त्याचा डाव असेल. पुन्हा आलं, की डाव खेळणारा डबा खाटेखाली ठेवत नाही, जमिनीत पुरतो. तिनं स्वतः पुरलेला होता, म्हणून तिला ठाऊक.

ती बसली होती तशीच बसून राहिली, आणि ओट्यावर जीवराम उभा. छत्री गळतेय. ह्या वेळी तिनं हातही लावला नाही, नुसती मान हलवली. छत्री पावसातच बाहेर राहिली.

"आजी, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं की सगळा पैसा घरात येतो. मुलगा सांगतो, येत नाही. सुकदेवभाऊ सांगतात, येत नाही. कुणाचं खरं मानू?" आणि सुपाकडे पाहत म्हणाला, "तीन दिसतात. भटू वेगळा निघाला म्हणायचं?"

धुरपदाबाईने त्याच्या डोळ्यांदेखत चौथी मूठ भरली. वर पाव मूठ घातली, दाणा सांडू न देता. सुकदेवनं डोळे मिटून घेतले.

"चार," जीवराम म्हणाला. "म्हणजे घर एक. मग त्याचा पैसाही घराचाच झाला. तसंच लिहू ना?"

तिनं उत्तर दिलं. ते उत्तर जीवरामनं आधी नुसतं ऐकलं, मग म्हणाला, आजी, पुन्हा सांगा. ती म्हणाली, लिहायचं असेल तर जसंच्या तसं लिही, तुझं एक अक्षर घालू नको. त्यानं अहिराणीतच लिहून घेतलं. ती म्हणाली, आता वाचून दाखव. त्यानं वाचलं. मग तिनं पुनाच्या बायकोला, बेबाबाईला, आतून बोलावून कागदावर खरंच तेवढंच आहे का ते तिच्याकडून वाचून घेतलं. बेबाबाई चार इयत्ता शिकलेली होती. आणि मग, ऐका बरं का, पदराखालचा हात बाहेर आला. इतक्या वर्षांनी तो अंगठा गावानं पाहिला. कुडावरून झुंबरबाईनंही पाहिला.

सोमवारी साहेबांनी कागद वाचला, प्रेसच्या मुनिमाला बोलावून विचारलं, रंगाच्या दुकानात विचारलं, आणि सुकदेवच्या नावाचं प्रकरण मिटवलं. भटूची मिळकत भटूची ठरली, आणि ती रेषेच्या खाली.

भटू रविवारीच आला होता. निरोप कुणी पाठवला नव्हता. मूठ मोजली की नाही ते बघायला स्वतःच आला, आणि दारात उभा राहिला. धुरपदाबाईने त्याचे हात हुंगले, पुन्हा धुवायला लावले आणि ताट वाढलं. तो जेवत असताना तिनं विचारलं, डबा कुठे ठेवला? पुढे कितीतरी वर्षं ती हा प्रश्न विचारी. भटू शिकला, नोकरीला लागला, तरी डबा होता, आणि सरकारनं काही तो मागितला नाही. त्यावरही तिचं मत होतं: जे सरकार ठेवलेला पैसा मागत नाही, त्याच्या मनात काहीतरी मोठं चाललेलं असणार.

पण त्या शनिवारी, सूप मांडीवर घेऊन, गव्हाचे चार ढीग समोर ठेवून, कराच्या तपासनिसाला तिनं जे सांगितलं आणि ज्याखाली अंगठा उठवला, ते एवढंच होतं:

"त्या दिन मी खोटं सांगं, झुंबर आयकत व्हती म्हनीसन. आते खरं लिख. हाई तिसरी मूठ पायनामाना पोरनी शे. तो काय कमाडी लयना? रोटमा तोंड मोजतस, थैली मोजत नही. पोऱ्या मन्हा शे, पैसा त्याना शे. मूठ मोजानं काम मन्हं, मी करं. थैली मोजानं काम तुन्हं शे, ते तू त्याना प्रेसमा जाईसन कर."